पुठ्ठ्याच्या पोटातली पोथी

पावपी १२

होरियन गुरुजींची जुन्या देवांची पुस्तकं आज चौकात जाळली. ख्रिस्ती मठातले तीस-चाळीस बंधू सकाळी नदीकडून स्तोत्रं म्हणत आले आणि गुरुजींच्या घराचं दार त्यांनी खांदे लावून पाडलं. दार उघडंच होतं, असं शेजारी नंतर म्हणाले. नुसतं ढकललं असतं तरी चाललं असतं.

मी दुकानातून पाहिलं. पाहिलं म्हणजे फळीच्या फटीतून. दुकान चौकाला लागून आहे हे आजवर मला भाग्याचं वाटायचं. टोपल्या भरभरून पुस्तकं बाहेर आली, त्यातली निम्मी माझ्या हातची बांधणी. चामडं जळताना कसला वास येतो हे चाळीस वर्षं चामड्यात हात घालूनही मला माहीत नव्हतं. गुरुजी पायरीवर बसले होते. त्यांना कुणी हात लावला नाही आणि कुणी हात दिलाही नाही. मीही नाही.

घरी हेराइसने, म्हणजे माझ्या बायकोने, मसूर वाढला तो मला गिळेना. ती म्हणाली, "तुमचं काय जळलं? तुम्ही पुस्तकं बांधता, लिहीत नाही." खरं आहे. आम्ही दोघं बाप्तिस्मा घेतलेली माणसं, रविवार चुकवत नाही. पण ती बोलत होती तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: ताईकडची पोथी.

म्हणून हे लिहायला घेतलं. बोलायची सोय नाही, आणि मनात ठेवलं की माझं पोट बिघडतं. जुन्या पत्रांच्या कोऱ्या पाठीवर लिहितो आणि गावच्या रद्दीच्या टोपलीत तळाशी सारून ठेवतो. बांधणाऱ्याच्या रद्दीत कोण हात घालतंय?

पावपी १४

तेकुसा ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. विधवा आहे, मागच्या गल्लीत एकटी राहते आणि आख्ख्या श्मिन गावाचे डोळे बघते. आधी बाबा बघायचे, त्यांच्या आधी आजोबा. आजोबा मिन देवाच्या देवळाच्या ओसरीवर बसायचे. आता देवळाला टाळं आहे आणि ओसरीवर शेळ्या बसतात.

पोथी बावीस पानांची, पानं दोन्ही बाजूंनी लिहिलेली, एकशे बारा औषधं. तांब्याचा गंज किती दाणे, मध किती, डिंक किती, कुठल्या डोळ्याला किती थेंब आणि किती दिवस. प्रत्येक औषधाच्या डोक्यावर एक ओळ आहे: होरसचा डोळा फुटला, तोथने तो सांधला, तसाच हा सांधो. होरस आणि तोथ, दोघंही जुने देव. बाकी सगळं ठीक आहे, पण ती एक ओळ आम्हाला खाणार.

बाबांनी एकदा एका नावाड्याच्या डोळ्यात आठवणीवर औषध घातलं आणि त्याचा डोळा गेला. तेव्हापासून घरचा नियम झाला: पान उघडल्याशिवाय थेंब नाही. कितीही पाठ असो, पान उघडायचं, त्यावर बोट ठेवून रोग्यासमोर मोठ्याने वाचायचं आणि मगच थेंब टाकायचं पीस औषधात बुडवायचं. ताई तेच करते.

खरं तर पोथी माझ्याकडे यायची होती. मी दहा वर्षांचा असताना बाबांनी बदकाचं पीस माझ्या हातात दिलं, आणि हात असा थरथरला की औषध रोग्याच्या कानात गेलं. बाबा म्हणाले, या हाताला डोळा नको, चामडं द्या. त्यांचं काही चुकलं नाही.

पावपी १६

आज चर्चमध्ये फर्मान वाचलं. महिनाअखेर घराघरात शोध होणार. जुन्या देवांची नावं असलेलं, मंत्रतंत्राचं, ताऱ्यांवरून भविष्य सांगणारं जे काही असेल ते सव्वीस तारखेला चौकात स्वतः आणून द्यायचं. देणाऱ्याला क्षमा आहे. ज्याच्याकडे मागाहून सापडेल त्याला क्षमा नाही. मग त्याचं काय करणार, ते वाचणाऱ्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता मी एकेक शिक्षा स्वतःच शोधून काढत बसलोय.

शोधाचं काम मठातल्या अपा पानीस्केंकडे आहे. थोरल्या बंधूंना आम्ही अपा म्हणतो. सत्तरीचे, वाळके, खरखरीत आवाजाचे. डोळे कायम लाल आणि गळते. एका वेळी चार शब्दांच्या वर बोलत नाहीत. आणि माझं नशीब बघा, त्यांचंच मोठं शुभवर्तमान महिनाभर माझ्या दुकानात पुठ्ठ्यासाठी पडलंय.

चर्च सुटल्यावर ते माझ्यापाशी थांबले. माझ्याकडे न बघताच विचारलं, "बहीण बरी आहे?" मी बरी आहे म्हणालो. सगळं गाव सोडून त्यांनी ताईचीच चौकशी का केली?

पावपी १७

सकाळपासून लोक कागद घेऊन येतायत. मला वाचता येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. रंगारी कोलूथोसची बायको पेटीतून एक गुंडाळी घेऊन आली. तो तिच्याच लग्नाचा करार होता. साक्षीदाराचं नाव जुन्या देवावरून ठेवलेलं. मला वाटलं, उगाच कशाला? म्हटलं, जाळून टाक. तिने माझ्याच शेगडीत जाळला आणि पदराने डोळे पुसत गेली. मग कुंभाराने आजोबांचं पत्र आणलं, कुणी नावेचा परवाना आणला. मी सगळ्यांना एकच सांगितलं. एकाला तर न वाचताच सांगितलं.

आमच्या महिन्यांची, पावपी-हाथोरची, नावंसुद्धा देवांवरूनच आहेत, ती कशी जाळणार, असं मी हेराइसला म्हणालो. म्हणालो आणि लगेच बाहेर जाऊन कुणी ऐकलं नाही ना ते बघून आलो.

पावपी १८

ताईकडे गेलो. रंगाऱ्याची धाकटी, सात वर्षांची तिरोस, समोर बसलेली. डोळ्यावर पांढरा पडदा धरतोय. ताई पोथीत बोट ठेवून मोठ्याने वाचत होती, होरस-तोथसकट, आणि खिडकी सताड उघडी. मी खिडकी लावली. तिने ती परत उघडली. उजेड लागतो म्हणाली.

मुलगी गेल्यावर मी म्हटलं, जाळून टाक. ती ऐकेना. म्हटलं, निदान वरच्या ओळी खरवडू. ती म्हणाली, "मागच्या बाजूला काय आहे ते बघितलंयस? तू इकडचा तोथ खरवडणार आणि तिकडचा मध जाणार." मग नावं गाळून नक्कल करू म्हटलं. तर म्हणे, नक्कल केली की दोघांनी बसून आकडा न् आकडा ताडून बघायचा असतो, बाबांना तीन महिने लागले होते. तुझ्याकडे आठ दिवस आहेत आणि हात हा असा. माझा हात गुडघ्यावर थरथरत होता.

"ताई, तुला पकडून नेतील."

"नेतील. त्यांच्यातल्या किती जणांचे डोळे मी धुतलेत, माहीत आहे?"

"म्हणून काय सोडतील?"

"छे. म्हणून तर आधी मलाच नेतील," असं म्हणून ती हसली. यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

पोथी नाहीच असं म्हणायचीही सोय नाही. लाल शेळीचं चामडं आणि त्यावर डोळा उमटवलेला, तो पुठ्ठा सगळ्या गावाने पाहिलाय.

निघताना दाराशी तिची मसुराची टोपली दिसली. दर गुरुवारी ती मठाच्या दाराशी मसूर देऊन येते. टोपलीवरचं फडकं धुवून इतकं स्वच्छ केलेलं, की त्यात मसूर नाही, तान्हं बाळ गुंडाळायचं असावं. ती इतकी भाविक असेल असं मला वाटलं नव्हतं. जरा धीर आला. वेळ आली तर ही भक्ती उपयोगी पडेल.

पावपी १९

हेराइसला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं ती कपाळावर हात मारेल. ती कांदा चिरत राहिली आणि म्हणाली, "जिथे शोध होणारच नाही अशा जागी ठेवा ना."

"अशी कुठली जागा आहे?"

"मठ."

मी ओरडणार होतो, पण ती पुढे म्हणाली, "अपांच्या शुभवर्तमानाला पुठ्ठा घालायचाय ना? पुठ्ठ्याच्या पोटात तुम्ही काय भरता?"

आम्ही रद्दी भरतो. पान पानाला खळीने चिकटवायचं, वाळवायचं, वर चामडं ओढायचं. बायको वीस वर्षं दुकानात खळ ढवळते आणि हे तिला सुचलं, मला नाही. शुभवर्तमानाचा पुठ्ठा कापून बघायची छाती कुणाला होणार?

ताईला सांगितलं. तिने पोथी उलटून पालटून बघितली. मग विचारलं, "पानं परत सुटतील?" मी म्हटलं, खळ पातळ ठेवली तर ओल्या फडक्याने सुटतील. म्हणाली, ठीक आहे. पण बाबांचा रिकामा पुठ्ठा आगीत द्यायचा ठरलं तेव्हा ती उठून मागच्या अंगणात गेली आणि मी निघालो तरी परत आली नाही.

पावपी २३

तीन दिवस फळी लावून काम केलं. अकरा पानं वरच्या पुठ्ठ्यात, अकरा खालच्यात. खळ दुधासारखी पातळ. पानांवर जागोजागी बाबांच्या बोटांचे हिरवे डाग आहेत. लहानपणी त्या बोटांना तांब्याचा वास यायचा. एका पानाच्या कडेला त्यांनी बारीक अक्षरात लिहिलंय: "हे औषध आधी स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिलं. फार झोंबतं." मला रडू आलं. रडताना खळीत पाणी जास्त झालं, परत ढवळावी लागली.

ताई रोग्यांना सांगतेय, नवा डिंक-मध पारखायचाय, पुराचं पाणी ओसरू दे, मग या. पान समोर नाही तर थेंब नाही.

पावपी २५

बाबांच्या रिकाम्या लाल पुठ्ठ्यात रद्दीची बावीस पानं भरली. आता ती पोथीसारखी दिसते. उद्या ताई ती चौकात देईल.

काम करताना बाहेर स्तोत्रं ऐकू आली आणि मी घाईघाईत टोपलीत हात घातला. कशीबशी पानं भरली, शिवली आणि बंद केली. मनासारखं शिवण झालं नाही, पण जाळायलाच तर आहे.

पावपी २६

मी मेलो होतो आज. कसा वाचलो ते लिहितो.

दुकानात दोन टोपल्या असतात. एक गावची रद्दी. दुसरी मठाची, लिहिताना चुकलेली शास्त्राची पानं. प्रभूचं नाव पूर्ण लिहीत नाहीत, दोन अक्षरं लिहितात आणि वर आडवी रेघ ओढतात. ती रेघ असलेलं पान जाळायचं नाही, फेकायचं नाही. ते शास्त्राच्याच पुठ्ठ्यात जातं. अक्षरशत्रू बाईसुद्धा ती रेघ ओळखते. माझी ही पानं गावच्या टोपलीत आहेत, म्हणून ती टोपली मी मागे कोपऱ्यात सरकवली होती आणि तिच्या जागी मठाची ठेवली होती. काल हात मात्र सवयीच्या जागी गेला, आणि लाल पुठ्ठ्यात शास्त्राची पानं भरली गेली.

हे मला कळलं तेव्हा ताई चौकात रांगेत उभी होती, लाल पोथी छातीशी धरून. मी दुकानात टोपल्यांकडे बघितलं, पुन्हा एकदा बघितलं. धावत गेलो, पण तोवर ती अपा पानीस्केंसमोर पोचली होती.

अपा प्रत्येक पुस्तक उघडून बघत होते. त्यांनी ताईच्या हातून पोथी घेतली, मधलं पान उघडलं आणि नाकाला लागेल इतकं जवळ धरलं. मी एक, दोन, तीन असं मोजत होतो. एक स्तोत्र म्हणून व्हावं इतका वेळ ते तसेच उभे होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं, धूर फार होता. मग म्हणाले, "सैतानाची अक्षरं." बाकीची पुस्तकं ते लांबून भिरकावत होते. ही मात्र त्यांनी आगीपाशी जाऊन, वाकून, आत ठेवली. त्यांच्या बाहीला ठिणगी लागली. नंतर छातीवर क्रूस काढला, तीनदा. विटाळ झाला असं वाटलं असावं.

त्यांची नजर अधू आहे म्हणून आम्ही वाचलो. देवाने त्यांचे डोळे नेमके आमच्यासाठी बिघडवले असं म्हणावंसं वाटतं, पण तसं म्हणणं पाप होईल. ताईला टोपल्यांचं सांगितलं नाही.

पावपी २८

ताई गुरुवारचा मसूर देऊन आली. म्हणाली, अपांनी चाळीस दिवसांचा उपास धरलाय, का ते कुणालाच सांगत नाहीत. माणूस म्हातारा झाला की हट्टी होतो.

हाथोर २

अपा पानीस्के आज दुकानात आले. बरोबर एक तरुण बंधू, हातात मेणाची पाटी. अपा बोलतील ते लिहून घेणारा.

त्यांनी शुभवर्तमान हातात घेतलं. बघितलं नाही, अंगठा फिरवला. पुठ्ठ्याच्या कडेवरून सावकाश, चारही बाजूंनी.

"जाड आहे."

मी म्हटलं, "मोठं पुस्तक आहे, अपा. पुठ्ठा जाडच लागतो."

"आत काय?"

"रद्दी, अपा."

"रद्दी," ते म्हणाले. अंगठा तिथेच होता. मग म्हणाले, "मठात आणून दे. तुझ्या बहिणीला बोलावणार आहे. तिच्यासमोर उघडू."

पाटीवाल्याने मान वर करून विचारलं, "शुभवर्तमान ना, अपा?"

"मग दुसरं काय?"

निघताना उंबऱ्यावर अडखळले आणि माझा खांदा धरला. कानाशी येऊन म्हणाले, "पाणी लागू देऊ नकोस." आणि गेले.

मी खाली बसलो तो दुपारपर्यंत उठलोच नाही. त्यांना कळलंय. ताईला समोर उभं करून पुठ्ठा फाडणार, तिच्या तोंडावर पानं धरणार, आणि पाटीवाला लिहून घेणार. पाणी लागू देऊ नकोस म्हणजे काय? आतली शाई पुसायचा प्रयत्न करू नकोस, हाच त्याचा अर्थ. दुसरा काय असणार?

हाथोर ३

केलं.

हेराइस कपडे घेऊन नदीवर गेली तेव्हा फळी लावली, ओलं फडकं घेतलं आणि पुठ्ठा उघडला. खळ पातळ होती, पानं आपणहून सुटली. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. एकेक करून शेगडीत घातली. झोंबतं म्हणून लिहिलेलं पान शेवटपर्यंत हातात धरलं होतं. ते ठेवावं असं वाटलं. पण त्यावरही तीच ओळ होती.

मग गावच्या टोपलीतली रद्दी भरली. या वेळी दोनदा बघून घेतली. खळ घट्ट केली. चामडं ओढून चोळलं, जाडी आधीइतकीच ठेवली. अपांना शंभरदा उघडू दे.

एक नक्कल तरी करून घ्यायला हवी होती हे पानं जळून गेल्यावर सुचलं. हेराइस आली तेव्हा म्हणाली, कसला वास येतोय? म्हटलं, खळ करपली. ताईला सांगितलं नाही. कळलं तर तिला त्रास होईल, आणि ठाऊक नसलं तर मठात ती निर्धास्त उभी राहील. तिच्याच भल्यासाठी केलं.

ही पानं तेवढी जाळायची राहिली. उद्या बघू.

हाथोर ४

शुभवर्तमान मठाच्या दाराशी देऊन आलो. किती दिवसांनी भूक लागली. दोन भाकऱ्या आणि सुका मासा खाल्ला.

हाथोर १०

लिहिणार नव्हतो. पण आज बोललं गेलं ते सगळं कुठे तरी ठेवायलाच हवं.

ताई मठातून दुपारी आली आणि सरळ दुकानात शिरली. हेराइसला म्हणाली, जरा फळी लाव. मग माझ्यासमोर एक पान ठेवलं, ओलसर, खळीने कडक झालेलं. कुणाचं तरी जुनं पत्र होतं. गाढव हरवलंय, कुणी पाहिलं असेल तर कळवावं.

"बावीसही पानं अशीच निघाली," ती म्हणाली. "पुठ्ठा आम्ही दोघांनी उघडला. ते एकेक पान उजेडाला धरून विचारत होते, कुठलं पान आहे, कुठलं पान आहे. मी काय सांगू? गाढवाचं?"

मला काही समजेना. दोघांनी म्हणजे कोणी, असं मी विचारलं.

तेव्हा तिने सांगितलं. अपा पानीस्के दोन वर्षं तिचे रोगी आहेत. दर गुरुवारी मसुराच्या खाली पोथी आणि औषध घालून ती मठाच्या दाराशी जायची, तिथल्या कोठडीत त्यांच्या डोळ्यात थेंब घालायची. होरसची ओळ आली की ते दोन्ही कानांवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "तू वाच, मला ऐकू येत नाही." ओळ संपली की ती त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारायची आणि ते हात काढायचे. पोथी त्यांच्याच पुठ्ठ्यात जातेय हे तिने त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांनी फक्त मान डोलावली होती.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुझ्या पोटात काही राहत नाही, पामीन. तुला सांगितलं असतं तर तू त्यांना बघूनच पांढरा पडला असतास."

"मी तरी पांढराच पडलो होतो."

पुठ्ठा मठातच ठेवायचं ठरलं होतं म्हणे. दर गुरुवारी लागेल ते पान सोडवायचं, वाचायचं, परत लावायचं. शुभवर्तमानात कुणी शोधलं नसतं, अपा असेपर्यंत, आणि ते गेल्यावरही.

मग तिने विचारलं, "कुठे ठेवलीस?"

मी शेगडीकडे बघितलं. तोंडाने सांगावं लागलं नाही. हेराइसने तोंडावर पदर धरला. ताईने गाढवाचं पान उचलून घेतलं. तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिचा हात भारी आहे, लहानपणी खाल्लाय मी.

हाथोर ११

ताई सकाळीच आली. म्हणाली, "चिकटवताना वाचली असशीलच. बस. मी सांगते, तू सांग, ताडून बघू."

आम्ही बसलो. पहिली चार औषधं तिची माझी सारखी आली. ती रोजचीच होती. हेराइसने मध्ये आशेने माझ्याकडे बघितलं. मग पांढऱ्या पडद्याचं औषध आलं, तिरोससाठी तेच हवं आहे. ताई म्हणाली, तांब्याचा गंज तीन दाणे. मला पाच आठवतात. अगदी स्वच्छ आठवतात, पानाच्या उजव्या अंगाला, हिरव्या डागाच्या खाली. ताई म्हणाली तो डाग आधीच्या औषधावर आहे. मग तिलाही खात्री वाटेना. ती डोळे मिटून बोट हवेत फिरवत होती, पानावर फिरवावं तसं.

"तीन घाल ना," हेराइस म्हणाली. "कमी पडलं तर नंतर वाढव."

"कमी पडलं तर पडदा जाड होतो. जास्त झालं तर बुबुळ जातं. बाबांनी हे असंच घातलं होतं त्या नावाड्याला. त्यांनाही अगदी स्वच्छ आठवत होतं."

नंतर अपांच्या औषधापाशी थांबलो. त्यातले दोन पदार्थ मला आठवले. प्रमाण आम्हा दोघांनाही आठवलं नाही. ते पान मी बाबांच्या बोटाचा हिरवा डाग बघत चिकटवलं होतं, आकडे बघितलेच नव्हते.

एकशे बारांतली सत्तावीस जुळली. ताईने ती उतरवून घेऊ दिली नाहीत. ताडून बघायला पान नाही, म्हणाली, मग हे औषध नव्हे, गप्पा झाल्या.

हाथोर १३

रंगारी तिरोसला घेऊन ताईच्या दाराशी दोन तास उभा होता. पाणी ओसरलं, आता बघ म्हणाला. ताईने सांगितलं, पोथी चौकात जळली, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. तो म्हणाला, तुला तर पाठच असेल. ताईने दार लावून घेतलं. दाराबाहेर मुलगी विचारत होती, आत्या रागावली का? मी गल्लीच्या तोंडाशी होतो, तिथूनच परत फिरलो.

हाथोर २४

अपा पानीस्केंचा डावा डोळा गेला, उजव्याने नुसता उजेड कळतो. शोधाचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं आणि त्या पाटीवाल्या बंधूकडे दिलं. त्याचे डोळे उत्तम आहेत. काल एका दिवसात त्याने सात घरं पाहिली.

अपांनी माझ्याकडे एकाला पाठवलं होतं. निरोप इतकाच: पुठ्ठा छान बसलाय, त्याला सांग, कुणाचा राग नाही. मी निरोप्याला बसवून पाणी दिलं. बांधणी सैल झाली तर पाठवा, असं सांगितलं.

हाथोर २९

ताई आज दुकानात आली. फडक्यात गुंडाळून बाबांचं बदकाचं पीस आणलं होतं. स्वच्छ धुतलेलं, दांड्यावर चाळीस वर्षांचा हिरवा रंग. मला वाटलं, ती मला क्षमा करतेय. मी दोन्ही हात पुढे केले.

ती म्हणाली, "घे. खळ लावायला चांगलं आहे."

ती गेल्यावर मी पीस परत फडक्यात गुंडाळून ठेवलं. मग वाटलं, तिने सांगितलंय तर करायला हवं. संध्याकाळपर्यंत त्यानेच खळ लावली. पीस खरंच चांगलं आहे, खळ कुठेही गोळा होत नाही, कडेपर्यंत सारखी जाते. आणि दिवसभरात एकदाही माझा हात थरथरला नाही. जायचं ते गेलं, आता हात कशाला थरथरेल?